दोन मोटरींचा अंतरपाट

रंजिताच्या माहेरी, कोन गावात, एक रीत होती. ती कोणी सुरू केली हे विचारायची मात्र रीत नव्हती. घरच्या लेकीच्या किंवा भाचीच्या लग्नात अंतरपाट भटजी धरत नाहीत, मामा धरतात. एक टोक थोरल्या मामाच्या हातात, दुसरं धाकट्याच्या. एकच मामा असला तर दुसऱ्या टोकाला कुणी चुलतमामा उसना आणायचा. रंजिताच्या लेकीला, मनस्वीला, देवाने सख्खे दोन मामा दिले होते, उंचीलाही सारखे. फक्त ते एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण तसं गंभीर होतं. मागे गावच्या टेनिस क्रिकेटच्या फायनलला, शेवटच्या चेंडूवर, बळीराम आणि धनेश हे दोघे भाऊ पळत पळत एकाच टोकाला पोचले होते. दुसऱ्या टोकाला स्टंप एकटेच उभे होते. मग तेही उभे राहिले नाहीत. कप शेजारच्या गावाला गेला. "त्यानी 'ये' केलं म्हनून मी धावलो," असं बळीराम म्हणायचा. "दादानीच 'ये' केलं," असं धनेश म्हणायचा. दोघेही आपापल्या आईची शपथ घ्यायचे. आई एकच असल्याने तिला उचक्या दुप्पट लागायच्या.

दोघांच्या घरांची भिंत एक, पाण्याची टाकी एक. टाकी भरून वाहायला लागली की बळीराम ओट्यावर बसलेल्या कुत्र्याला सांगायचा, "टायगर, बोल कुनाला तरी, पानी बंद करा." धनेश आत जाऊन बटण बंद करायचा आणि बाहेर येऊन टायगरला म्हणायचा, "बोल, केला बंद." टायगर बिचारा दोघांकडे बघून शेपूट हलवायचा. घरात एवढा मान दुसऱ्या कोणाला नव्हता.

मनस्वीचं लग्न करंजाच्या शैलेशशी ठरलं. रंजिता अक्षत घेऊन माहेरी गेली, तेव्हा बळीराम म्हणाला, "रंजे, मी येईन. पन दुसरं टोक त्याच्या हातात असंल, तर मी माजं धरनार नाय." पलीकडच्या दारात धनेश म्हणाला, "ताई, दादा धरनार असंल तर मी मांडवात पाय टाकनार नाय. आनि मना सोडून दुसऱ्या कुनाला टोक दिलंस, तर लग्नालाच येनार नाय."

रंजिता रिक्षात बसली ती रडत, आणि पनवेलात आपल्या घराशी, तक्का नाक्याला उतरली ती विचार करत. एकाला धरायला सांगितलं की दुसरा जाणार. दोघांना सांगितलं की दोघे जाणार. भटजींना सांगितलं तर माहेरचा मान गेला म्हणून दोघे मिळून जाणार, आणि ती एकच गोष्ट ते मिळून करतील. लेकीच्या लग्नात आपले दोन्ही भाऊ मांडवात उभे असावेत, एवढंच तिला हवं होतं.

आणि मग तिला माळ्यावरच्या मोटरी आठवल्या.

रंजिताचा धंदा ब्लाउजवर भरतकाम करून देण्याचा. तिच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरी मशीन होतं. एकदा ऐन लग्नसराईत ते बसलं. मेकॅनिक रोज फोनवर "उद्या येतो" म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उगवेना. शेवटी रंजिताने स्वतःच मागचं झाकण उघडलं. अर्धे कळणारे आणि अर्धे न कळणारे व्हिडिओ बघत, मोटरी चालवणारी ड्रायव्हर नावाची पहिली नवी पाटी स्वतःच्या हाताने जाळून, दुसरी नीट जोडून तिने मशीन चालू केलं होतं. पुढे मोठं मशीन आलं आणि जुन्यातल्या दोन मोटरी तिने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या. भांडी आणि मोटरी टाकून द्यायची तिला सवय नव्हती.

माणसांनी धरायचा नाही ना? मग मोटरींनी धरायचा. मामांनी आपापल्या खांबाशी नुसतं उभं राहायचं. कोणी कोणासोबत काही धरलं असं होत नाही.

दोघांनाही हे पटलं. नवऱ्याचं, हरेशचं मत विचारलं तर तो म्हणाला, "शॉक तर नाय ना लागनार?" त्याचं सगळ्याच बाबतीत हे मत असायचं.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात कमान उभी राहिली. नवरा-नवरी समोरासमोर उभे राहणार, मध्ये कापड. कमानीचा एक खांब पाहुण्यांच्या बाजूला, दुसरा मागच्या पडद्याला लागून. कापड एका हलक्या पाइपवर लावलेलं, पाइपच्या दोन्ही टोकांना दोऱ्या, दोऱ्या वरून फिरून खाली खांबाच्या बुंध्याशी, आणि तिथे एकेका डब्यात एकेक मोटर. पुढचा खांब मानाचा म्हणून थोरल्याला. मागच्या खांबाला विजेचं बटण होतं म्हणून धाकट्याला सांगितलं, की सगळा कारभार तुझ्याकडे. दोघेही खूश झाले, पण तोंडं वाकडीच ठेवून.

तेवढ्यात कमळाबाई आल्या. कमळाबाई म्हणजे धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतची धवलगाणी त्यांना पाठ. त्या गाणं म्हणणार आणि त्यांच्या गाण्याबरहुकूम बायका उठणार, बसणार, हळद लावणार. त्यांच्या शब्दाशिवाय मांडवात उंबराची फांदीसुद्धा हलत नसे.

"काय गो रंजे, ह्या कसल्या तारा? लग्न हाय का फॅक्टरी?"

"कमळाआत्या, ही मोटर वेगळी असते. पंख्याची मोटर करंट दिला की सुटते गरगर. ही तशी पळत नाही. हिला सांगावं लागतं, एक पाऊल टाक. टाकलं? आता दुसरं टाक. जेवढं सांगाल तेवढंच चालते."

"सांगतो कोन तिला?"

"हा ड्रायव्हर." रंजिताने डब्यातली पाटी दाखवली. "मोटरीच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात. त्यातून चार वायरी बाहेर येतात, दोन जोड्या. ड्रायव्हर आधी ह्या जोडीत करंट सोडतो, मग त्या जोडीत, मग उलटा फिरवून परत ह्या. त्या ओढाओढीत आतला दांडा एकेक पाऊल सरकतो. माझ्या हातातलं बटण दाबलं की मधला बोर्ड नुसत्या टिचक्या मारतो. प्रत्येक टिचकीला कुठल्या जोडीने जोर लावायचा ते ड्रायव्हरला ठाऊक."

कमळाबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे ही मोटरीची धवलारीन."

रंजिताने व्हिडिओ तर पुष्कळ पाहिले होते, पण असं कोणी सांगितलं नव्हतं.

"पन चार वायरीत जोडपी कंची ते कसं कललं तुना? सगल्या तर सारख्याच."

"सोपंय. कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकींना लावायची आणि दांडा हाताने फिरवायचा. सहज फिरला तर त्या परक्या. घट्ट झाला, फिरेना झाला, तर समजायचं नवरा-बायको."

मांडवातल्या बायका एवढ्या हसल्या की बेंजोवाल्यांनी काय झालं ते बघायला मान वर काढली.

मग तिने दोऱ्या गुंडाळून कापड हाताने उंचीवर घेतलं आणि धनेशला बटण चालू करायला सांगितलं. मोटरी टक् करून ताठ झाल्या आणि बारीक गुणगुणायला लागल्या. "आता ओढ बघू पाइप," ती म्हणाली. धनेशने ओढला. हलेना. "नुसतं उभं राहायलासुद्धा हिला करंट लागतो," रंजिता म्हणाली. "म्हणून करंट काढला की हिचा जोर गेला, कापड थेट जमिनीवर."

"आनि अंतरपाट जमिनीला लागला की अपशकुन," कमळाबाईंनी लगेच आपलं कलम जोडलं.

रंजिताने हातातलं बटण दाबलं. मागचं टोक, धनेशचं, डौलात वर गेलं. पुढचं टोक, बळीरामचं, तेवढ्याच डौलात खाली आलं. कापड वाण्याच्या तराजूसारखं तिरकं झालं. सगळा मांडव खो खो हसला. रंजिताने बटण सोडलं तेव्हा तिला एकच माणूस न हसलेला दिसला, आणि तो धनेश होता. पण त्याच्याकडे बघायला वेळ कुठे होता? बळीराम टोपी काढून निघाला होता.

"चार लोकांत माजी बाजू खाली? हेच्यासाठी बोलावलंस मना?"

"दादा, थांब! मोटरी समोरासमोर तोंड करून बसल्यात, म्हणून एकीला उलटं फिरायला हवं. त्यात काही नाही. तुझ्या डब्यातल्या ह्या दोन वायरी, काळी आणि हिरवी, ही एक जोडी. दोघींनी जागा बदलल्या की मोटर उलटी फिरते. ही टिकली दाबली की वायर सुटते. फक्त आधी करंट बंद. चालू असताना वायर सुटली तर ड्रायव्हर गेलाच. आणि माझ्याकडे जादा नाही."

हे सगळं ती बळीरामला सांगत होती. धनेश पाठ करून उभा होता, पण त्याची पाठ कान देऊन ऐकत होती.

तेवढ्यात कमळाबाईंनी हळदीची हाक दिली. नवरीच्या आईला धवलारीण बोलावते तेव्हा वायरी काय, घराला आग लागली असती तरी तिलाही थांबावं लागलं असतं. उद्या सकाळी बघू, असं म्हणून रंजिता गेली. मग हळद, बेंजो, नाच. मांडवातला एकही हात पिवळा झाल्याशिवाय राहिला नाही.

सकाळी ती डोळे चोळत पुढच्या डब्याशी आली. आधी एकदा खात्री करू म्हणून करंट चालू केला आणि बटण दाबलं. दोन्ही टोकं झोकात वर गेली. सरळ, आडवं, जसं हवं तसं. रंजिता बघतच राहिली. डब्यातल्या वायरींना पिवळी बोटं लागलेली होती. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, तीही पिवळीच. हळदीच्या गडबडीत आपणच केलं असेल आणि विसरलो असू, असं तिने ठरवलं. त्या दिवशी ती चहात दोनदा साखर घालायलाही विसरली होती आणि एकदा तिखट घातलं होतं. तिने करंट बंद केला आणि साडी नेसायला गेली.

मुहूर्त दुपारचा. आता रंजिताच्या सासरचीही एक रीत होती: नवरीच्या आईने अंतरपाट दूर होताना बघायचं नाही. म्हणून कमळाबाईंनी तिला मागच्या पडद्याआड पाटावर बसवलं आणि डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढला. हातातलं बटण तेवढं तिच्याकडे राहिलं, कारण ते दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. हरेशने कापड उंचीवर नेऊन करंट चालू केला. शॉक लागला नाही, त्यामुळे तो आनंदात होता.

मंगलाष्टकं झाली. "शुभमंगल सावधान"च्या शेवटच्या गजरात रंजिताने डोळे मिटून कुलदैवताचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. टिचक्या सुरू झाल्या. तिला वाटलं, आता टाळ्या, वाजंत्री.

आलं ते हसू. आधी पोरांचं, मग मोठ्यांचं.

"काय झालं?" ती पदराआडून ओरडली.

"थांबव!" पडद्याच्या पलीकडून धनेश ओरडला. "दादाची बाजू परत खाली चाललीय!"

तिने बटण सोडलं. खाली गेलेल्या टोकावरून नवरदेव कमरेपर्यंत दिसू लागला होता. शैलेश सज्जन मुलगा. तो डोळे घट्ट मिटून मोठ्याने म्हणाला, "मी नाय बघितलं हां!"

"मी बघितलं," मनस्वी म्हणाली. "आई, तो डोळे मिटून हार आडवा धरून उभाय. लवकर कर."

बळीरामचा चेहरा लाल झाला होता, असं कमळाबाईंनी पुढे वर्षभर सांगितलं. तो वाकला आणि डब्यात हात घालायला लागला. "मी सकाली बदलल्या होत्या वायरी! हाताने! बायकोच्या केसातल्या आकड्याने टिकली दाबून! परत कशी काय खाली?"

पदराआड रंजिताला सकाळची पिवळी बोटं आठवली.

"तू बदलल्या होत्यास?" धनेशचा आवाज अगदी बारीक झाला. तो टायगरशी बोलत नव्हता. टायगर लग्नाला आलाच नव्हता. "दादा, मीपन बदलल्या. मघाशी. चहाच्या वेलेला."

"माज्या खांबाच्या?"

"तुज्याच."

"तू कशाला हात लावलास माज्या डब्याला?"

"तुजी बाजू खाली गेली होती रे काल. लोक हसले. मना नाय आवडलं."

एकाने सुलट्या केल्या, दुसऱ्याने पुन्हा उलट्या. दोघांच्या चांगुलपणाची बेरीज शून्य. आतापर्यंत रंजिता रडायच्या बेतात होती. आता हसू की रडू ते तिला कळेना. पण बळीरामचा हात अजून डब्यात होता, आणि हे तिला न बघताच कळलं, कारण तो तिचा भाऊ होता.

"दादा, वायरीला हात नको! करंट चालू आहे! ड्रायव्हर जळेल!"

"मंग बंद करा कोनीतरी!"

"बंद केला की कापड पडेल!"

"जमिनीला लागलं तर मी इथून उठून जाईन," कमळाबाई म्हणाल्या.

करंट चालू ठेवून वायरी बदलता येत नव्हत्या. करंट बंद केला तर अंतरपाट धरायला माणसं हवी होती. दोन माणसं, दोन टोकांना, उंचीला सारखी. सगळा मांडव नुसता दोन खांबांकडे बघत राहिला.

बळीरामने टोपी घट्ट केली आणि खाली आलेलं टोक धरून खांद्यापर्यंत उचललं. "धन्या, तू तुजं धर. मंग बटन बंद कर. पन मी बोलल्याशिवाय नको."

"तू 'ये' बोललास की."

"हां. मी 'ये' बोललो की. आधी नाय."

"त्या दिवशी पन असंच ठरलं होतं, आनि तू—"

"ए, मॅच मंग! नवरी उभी हाय!" कमळाबाई कडाडल्या.

"ये!" बळीराम ओरडला.

"दादा, बंद! बंद केलाय!" धनेश ओरडला. गुणगुण थांबली. मोटरींचा जोर गेला. कापड तसूभर खाली आलं आणि दोन्ही मामांच्या हातांवर टेकलं. टेकलं ते तिथेच राहिलं.

रंजिता पडद्याबाहेर आली ती पदर हनुवटीपर्यंत ओढून, कमळाबाईंच्या हाताला धरून, आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरीसारखी. "बघू नको, डावीकडे, पाय उचल, तो भटजी हाय, त्याला तुडवू नको," असं करत कमळाबाईंनी तिला पुढच्या डब्यापर्यंत आणलं. भरजरी साडीत ती मांडी घालून जमिनीवर बसली. पदराच्या खालून जेवढं दिसत होतं तेवढ्यात तिला डबा दिसत होता, काळी-हिरवी वायर दिसत होती आणि बळीरामच्या चपला दिसत होत्या. चपला एका जागी ठरत नव्हत्या.

"हात भरून आला का दादा?"

"तू तुजं काम कर."

"दादा, पाहिजे तर मी जरा वर घेतो माजं टोक," मागून धनेश. "तुला हलकं होईल."

"वर घेऊ नको! सरल ठेव! लोक बघतात!"

तिने टिकली दाबली, काळी काढली, हिरवी काढली, जागा बदलून बसवल्या, दोन्ही ओढून बघितल्या आणि सैल पडलेली दोरी हाताने गुंडाळून घेतली. "झालं. धनेश, चालू कर."

धनेशने बटण चालू केलं नाही. तो थांबला.

"काय झालं?" रंजिताने विचारलं.

"दादा बोलला नाय अजून."

"ये," बळीराम म्हणाला.

टक्. मोटरी ताठ झाल्या. भटजींनी, आधीच्या गोंधळातलं शुभमंगल धरायचं नाही असं सांगून, शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं. आजवर कोणी म्हटलं नसेल इतक्या भरभर म्हटलं, कारण मुहूर्त निघून चालला होता. रंजिताने पदरात तोंड लपवून बटण दाबलं. ह्या वेळी तिच्या कानाशी पुढची मोटर आणि तिकडे मागची, दोन्ही एका तालात टकटकत राहिल्या. वर बघायची तिला बंदी होती. तिने डब्यात पाहिलं. दोरी गुंडाळली जात होती. मग अक्षता तिच्या डोक्यावर पडल्या, टाळ्या पडल्या, बेंजोवाल्याने दणका दिला, आणि मनस्वी म्हणाली, "आता उघड डोळे!" पण ते शैलेशला म्हटलेलं होतं.

अंतरपाट वर जाऊन थांबला, तिथेच घट्ट. पदर काढायची परवानगी मिळाली तेव्हा रंजिताने पाहिलं. दोन्ही मामा अजून हात वर करून उभे होते. पाइप त्यांच्या हातांच्या वीतभर वर होता. त्यांना तिथे करायला काही उरलं नव्हतं, पण हात खाली आधी कोणी घ्यायचे हे ठरलेलं नसल्याने दोघेही थांबले होते.

"खाली घ्या आता," ती म्हणाली.

"तो 'ये' बोलंल तवा," बळीराम म्हणाला.

जेवणाच्या पंगतीत दोघे शेजारी बसले. मधे हरेशला बसवून बघितलं होतं, पण त्याच्या डोक्यावरून इतकं बोलणं व्हायला लागलं की तो ताट घेऊन उठला. वाद तोच होता, फायनलचा. पण आता वाद समोरासमोर होता आणि एकाच वाटीतल्या रश्श्यावर होता. वाढपी येऊन जाऊन दमले.

पुढच्या आठवड्यात फोटो आले. करंजाहून व्याही-विहीण ते दाखवायला घेऊन आले. बाजूने काढलेल्या मोठ्या फोटोत मध्ये हार घातलेले मनस्वी आणि शैलेश, वर सरळ आडवा अंतरपाट, आणि दोन्हीकडे हात उंचावलेले, छाती फुगवलेले दोन मामा. खांबांच्या बुंध्याशी असलेले डबे फोटोग्राफरने कडेला कापून टाकले होते.

"काय सुंदर उचललाय हो तुमच्या भावांनी!" विहीणबाई म्हणाल्या. "एक टोकसुद्धा वरखाली नाय. आजकाल असा एकोपा कुठं बघायला मिलतो?"

रंजिताने फोटो जवळ घेतला. कापलेल्या कडेला, नीट बघितलं तर, काळ्या वायरीचा बोटभर तुकडा आलेला होता.

"हो," ती म्हणाली. "त्यांची सवयच आहे."

माळ्यावर मोटरी पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. पण संध्याकाळी कोनहून बळीरामचा फोन आला. गावात टेनिस क्रिकेटची मॅच होती, आणि दोन्ही टोकांच्या फलंदाजांना दिसेल अशी एक मोठी पाटी उभी करायची होती, बटण दाबलं की फिरणारी. एका बाजूला 'ये', दुसऱ्या बाजूला 'थांब'.

"बटन कोन दाबनार ते नाय ठरलं अजून," बळीराम म्हणाला. मागून धनेश काहीतरी ओरडत होता, आणि त्याच्याही मागून टायगर.